गोलकीपर म्हणून करिअर करायचंय? मग आधी जागेचं गणित समजून घ्या

दर सीझनला शाहू स्टेडियमवर मॅच बघून आलेलं एखादं पोरगं नाहीतर त्याचा बाप हा प्रश्न विचारतोच, की कीपर होऊन पुढं काय होतं का, म्हणजे पैसे, नोकरी, नाव वगैरे. होतं की. पण स्ट्रायकरचं जसं होतं तसं होत नाही, रस्ताच वेगळा आहे आणि तो कुणी नीट सांगत नाही म्हणून हे लिहितोय. कोल्हापूरच्या हिशोबानं लिहिलंय, पण पोरगं पुण्याचं असो, मुंबईचं असो नाहीतर गोव्याचं, फार फरक पडणार नाही.

आधी गणित. टीममध्ये अकरा जागा, त्यात कीपरची एकच. विंगर चांगला असला तर कोच त्याला दुसऱ्या बाजूला खेळवेल, बॅकला टाकेल, शेवटची वीस मिनिटं तरी उतरवेल. कीपरचं तसं नसतं, एक खेळतो आणि बाकीचे बाहेर बेंचवर बसतात, पहिला जखमी झाल्याशिवाय किंवा त्यानं सलग घाण केल्याशिवाय दुसऱ्याचा नंबर लागत नाही. आयएसएलमध्ये, म्हणजे देशातल्या सगळ्यात वरच्या इंडियन सुपर लीगमध्ये, 2024-25 ला 13 क्लब होते, क्लबमागं तीन कीपर धरले तरी चाळीसच्या आतच नोकऱ्या झाल्या, आणि त्यातले खरे खेळणारे 13. लगेच घाबरू नका, कारण याची दुसरी बाजू पण आहे. परदेशी खेळाडूंना कोटा असतो आणि क्लब तो कोटा स्ट्रायकर, मिडफिल्डर, सेंटर बॅक यांच्यावर खर्च करतात, गोलमध्ये जवळपास सगळीकडं भारतीयच. म्हणजे आपल्या स्ट्रायकरला ब्राझील-स्पेनच्या माणसाशी जागेसाठी भांडावं लागतं, तुम्हाला फक्त इथल्या कीपरांशी. शिवाय वय. विंगर तिशी ओलांडली की उतरणीला लागतो, कीपर तिशीत पिकतो. इटलीचा कीपर डिनो झॉफनं 1982 चा वर्ल्ड कप चाळिशीत उचलला, इटलीचाच बुफॉन 2023 ला रिटायर झाला तेव्हा 45 चा होता. त्यामुळं या करिअरमध्ये सगळ्यात मोठा निर्णय डाइव्ह कशी मारायची हा नसतोच, कुठल्या वयात कुठं बसायचं आणि कुठं खेळायचं हा असतो. त्याच्याकडं येतोच.

सुरुवात कधी करायची? बारा-तेरा वर्षांपर्यंत पोराला फक्त गोलमध्ये उभं करू नका. जाडं आहे, पळत नाही, म्हणून कीपर, ही आपल्या गल्लीतली पद्धत आता बंद करा राव. अमरिंदर सिंग, जो पुढं पुणे एफसी, बेंगळुरू करत मुंबई सिटीला गेला आणि 2020-21 ला कॅप्टन म्हणून साखळीत पहिलं आल्याची शिल्ड आणि फायनलची ट्रॉफी दोन्ही उचलली, तो आधी स्ट्रायकर होता, कोचनं त्याला नंतर गोलमध्ये नेलं. पायाचा खेळ लहानपणी आला तर आला, नंतर येत नाही आणि आता तो लागतोच. 1992 ला बॅकपास, म्हणजे आपल्याच माणसानं पायानं मागं दिलेला बॉल, हातात घ्यायची सोय गेली, 2019 पासून गोलकिक बॉक्समध्येच आपल्या माणसाला देता येते, त्यामुळं प्रत्येक कोचला आता पासिंग करणारा कीपर पाहिजे. पोराला टर्फवर फाइव्ह अ साइडला मिडफिल्डमध्ये खेळू द्या, डावा पाय वापरायला लावा, गोलमध्ये आठवड्यातनं दोन दिवस पुरे. चौदानंतर मग पूर्ण कीपिंग.

उंचीचं खरं सांगतो, गोड बोलून उपयोग नाही. ट्रायलला गेलात की मोठे क्लब आधी उंची बघतात, सहा फुटाच्या आसपास असलं तर बरं पडतं, इंडियाचा कीपर गुरप्रीत सिंग संधूसारखा साडेसहा फुटी असला तर विषयच संपला. पण मेक्सिकोचा होर्हे काम्पोस पाच फूट सात इंचाच्या आत-बाहेर होता आणि वर्ल्ड कप खेळला, स्पेनचा कासियास सहा फुटाला जरा कमीच. बुटक्या कीपरला उडी, टायमिंग आणि लाइन सोडून पुढं यायचं धाडस दुप्पट लागतं एवढंच. चौदाव्या वर्षी उंची बघून पोराला काढून टाकणारा कोच भेटला तर कोच बदला, सतरा-अठरापर्यंत वाढतात पोरं.

आता मैदानावरचं. सगळ्यांना डाइव्ह शिकायची घाई असते, इन्स्टावर तेच दिसतं ना. पण चांगला कीपर कमी डाइव्ह मारतो कारण तो आधीच बरोबर जागी असतो, आणि ही जागा शिकवायला दोन दोऱ्या सोडून काही लागत नाही. एक दोरी एका पोस्टला बांधा, दुसरी दुसऱ्या पोस्टला, आणि दोन्हीची मोकळी टोकं एकत्र करून बॉल जिथं असेल तिथं खुंटीला अडकवा, पेनल्टी स्पॉटच्या आसपास कुठंही. पोराला गोललाइनवर उभं करा, दोन्ही दोऱ्या त्याच्यापासून लांब लांब असतात, गोलच 7.32 मीटरचा आहे. आता बॉलकडं बघत, दोन्ही दोऱ्यांच्या मधोमध राहून त्याला एकेक पाऊल पुढं यायला सांगा. अर्ध्या वाटेवर आला की दोऱ्यांमधलं अंतर बरोबर निम्मं झालेलं असतं, एक पाऊल टाकून हात लांब केला की कुठल्याही बाजूच्या दोरीपर्यंत जवळजवळ पोचतो, त्याचा चेहरा बघा तेव्हा. मग त्याला विचारा, असंच पुढं जात राहिलं तर काय होईल? डोक्यावरनं चिप, म्हणजे वरनं उचलून टाकलेला बॉल. बार 2.44 मीटरवर आहे आणि तो तुमच्या मागं राहिलाय. म्हणजे किती पुढं यायचं हे समोरच्याचं डोकं खाली आहे का वर यावर ठरतं, डोकं खाली घालून बॉल पुढं ढकलला असेल तर पळत या, डोकं वर करून बघत असेल तर थांबा. बॉल बाजूला सरकवून खुंटी हलवत हे पंधरा-वीस दिवस करा, मग दोऱ्या सोडा आणि पेनल्टी स्पॉट, सिक्स यार्डचे (गोलपुढच्या छोट्या चौकटीचे) कोपरे या खुणांवर जागा शोधायला लावा. मागं वळून पोस्ट बघणारा कीपर उशिराच पोचतो.

दुसरी गोष्ट, शॉट निघताना दोन्ही पाय जमिनीवर पाहिजेत. पळता पळता बॉल आला की बाजूला जाता येत नाही, शरीर पुढंच जातं. म्हणून स्ट्रायकरचा पाय मागं गेला की तुम्ही असाल तिथं थांबायचं, जागा चुकीची असली तरी थांबायचं, छोटी उडी, गुडघे वाकलेले, हात कमरेपुढं. चुकीच्या जागी स्थिर उभा असलेला कीपर बरोबर जागेकडं पळणाऱ्यापेक्षा जास्त अडवतो, कुणालाही नेटमध्ये उभं करून बघा.

हाताचं सोपं आहे, छातीच्या वरचा बॉल असेल तर अंगठे जवळ, तळवे बॉलच्या मागं, कमरेखालचा असेल तर करंगळ्या जवळ आणि बॉल ओढून छातीशी. पडायचं शिकताना आधी गुडघ्यावर बसून, मग उकिडवं, मग उभं राहून. पिंडरी, मांडी, कंबर, खांदा या क्रमानं कुशीवर पडायचं, कोपरावर किंवा पोटावर कधीच नाही. मैदान कडक असेल आणि वस्तादांनी परवानगी दिली तर तालमीच्या हौद्यातल्या लाल मातीत अनवाणी हे शिका, त्यासारखी मऊ जागा नाही, आपल्याकडं निम्म्या टीम तालमीच्याच आहेत तर एवढा फायदा घ्यायला काय हरकत.

ग्लोव्हज. महागडे घेऊन मातीत घासू नका. प्रॅक्टिसला हजार-पंधराशेचे आणि मॅचला एक वेगळा जोड, बास. नवीन ग्लोव्हज वापरायच्या आधी कोमट पाण्यात धुवा, वरचा थर निघाला की मग पकड येते, मॅचच्या आधी तळवा ओला करा कारण कोरडं लॅटेक्स घसरतं. उन्हात वाळवले की तडकतात. आणि पडल्यावर उठताना तळहात टेकून उठू नका, मूठ करून उठा, ही एक सवय लावली तर जोड दुप्पट टिकतो.

ओरडायला शिका. लाजाळू पोरं इथंच मार खातात. क्रॉसला, म्हणजे बाजूनं गोलपुढं आलेल्या बॉलला, बाहेर येणार असाल तर "माझा!" एकदाच आणि मोठ्यानं, येणार नसाल तर "मार!", बॅकच्या मागं माणूस असेल तर त्याचं नाव घेऊन सांगा. बॅक चाळिशीचा सीनियर असला आणि तुम्ही सतरा वर्षांचे असलात तरी नाव घेऊन ओरडा, मॅच झाल्यावर दादा म्हणा. आणि नियम वाचा, निम्म्या कीपरांना माहीत नसतात. 2025-26 सीझनपासून बॉल हातात आठ सेकंदांच्या वर धरला तर समोरच्याला थेट कॉर्नर मिळतो, रेफ्री शेवटचे पाच सेकंद हात वर करून मोजतो. आधीचा सहा सेकंदांचा नियम कुणी पाळतच नव्हतं म्हणून हा आणला.

पेनल्टीला बॉल मारला जाईपर्यंत एका पायाचा थोडा तरी भाग गोललाइनवर किंवा लाइनच्या मागं पाहिजे. ताशी शंभरच्या स्पीडनं मारलेला बॉल 11 मीटर 0.4 सेकंदात कापतो, त्यामुळं बघून उडी मारणं जमत नाही, अंदाजच घ्यावा लागतो, मारणाऱ्याचा रन-अप आणि टेकलेला पाय कुठं वळलाय ते बघून. पण लाइन सुटली तर अडवलेली पेनल्टी परत मारायला लावतात.

इथं लक्ष्मीकांत कट्टीमनीचं सांगायलाच पाहिजे, कारण कीपरचं करिअर म्हणजे काय हे त्याच्याइतकं कुणी दाखवलं नसेल. गोव्याचाच पोरगा. 20 डिसेंबर 2015, गोव्यातलं फातोर्डा स्टेडियम, आयएसएल फायनल, एफसी गोवा स्वतःच्या घरी चेन्नईयिनविरुद्ध 2-1 पुढं, मॅच संपत आलेली. 90 व्या मिनिटाला बॉल कट्टीमनीकडनं स्वतःच्याच गोलमध्ये गेला, 2-2, आणि पुढच्या दोन-तीन मिनिटांत चेन्नईयिनच्या मेंडोझानं तिसरा मारला. ट्रॉफी गेली. स्ट्रायकरनं फायनलला दोन चान्स घालवले तरी लोक विसरतात, कीपरचा ओन गोल कोण विसरतो? मग 20 मार्च 2022, तेच फातोर्डा, परत आयएसएल फायनल, आता हा हैदराबादच्या गोलमध्ये आणि समोर केरळा ब्लास्टर्स. 1-1, पेनल्टी. कट्टीमनीनं तीन अडवल्या. त्यातली एक तर अडवल्यावर, कट्टीमनीनं लाइन सोडली म्हणून रेफ्रीनं परत मारायला लावली, ती त्यानं परत अडवली. हैदराबाद 3-1 जिंकलं. मधली सहा-सव्वासहा वर्षं त्यानं काय केलं? खेळत राहिला, क्लब बदलला, जागेसाठी भांडत राहिला. पहिल्या फायनलनंतर सोडून दिलं असतं तर दुसरी आलीच नसती. आपल्याकडं तर एका गोलवरनं गॅलरीतनं आईबहीण काढतात, त्यामुळं पोराला हे आधीच सांगून ठेवा की चूक झाली की पुढच्या बॉलला पहिल्यासारखाच आवाज निघाला पाहिजे, कोच लोक बघतात ते नेमकं हेच.

आता वरचा रस्ता. शाळेत असताना सुब्रोतो कप (देशभरातल्या शाळांची स्पर्धा), शालेय स्पर्धा, मग लोकल लीग, आपल्याकडं केएसएची (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन), मुंबईत एमएफएची (मुंबई फुटबॉल असोसिएशन). जिल्हा, मग विफाची, म्हणजे राज्याच्या फुटबॉल संघटनेची, स्टेट टीम, त्यातनं ज्युनिअर नॅशनल आणि नशीब असलं तर राज्याराज्यांमधली संतोष ट्रॉफी. दुसरा रस्ता अकादमीचा, एआयएफएफच्या (भारताचा फुटबॉल महासंघ) वयोगटाच्या लीग आणि 2022 ला सुरू झालेली रिलायन्स फाउंडेशन डेव्हलपमेंट लीग, जिथं आयएसएल क्लबांच्या ज्युनिअर टीम खेळतात आणि स्काउट बसलेले असतात. बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीची निवड चाचणी पण लक्षात ठेवा. कुठंही गेलात तरी एआयएफएफच्या सीआरएसमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या ऑनलाइन नोंदणीत, रजिस्ट्रेशन लागतं, जन्मदाखला खरा पाहिजे. वय चोरू नका, मनगटाचा एक्सरे काढून वय तपासतात, पकडलं की बाहेर, आणि कीपरला तर वय चोरायची गरजच नाही, तुमची वेळ उशिराच येणार आहे.

ट्रायलला कीपरवर अन्याय होतो हे गृहीतच धरून जा. दोनशे पोरं, त्यात वीस कीपर, कोच सगळा वेळ आउटफिल्ड बघतो आणि शेवटी प्रत्येकाला सात-आठ शॉट मारून घरी पाठवतो. त्यामुळं मोबाइलवर मॅचचे व्हिडिओ काढून ठेवा, गोलच्या मागनं किंवा बाजूला उंचावरनं, नुसते सेव्ह नकोत, अख्खा हाफ पाहिजे, खाल्लेले गोल पण ठेवा. कीपर कोचला तुम्ही बॉल लांब असताना कुठं उभे राहता ते बघायचं असतं. आणि ट्रायलला शॉट लवकर संपले तरी पासिंगच्या ड्रिलमध्ये घुसा, मोठ्यानं बोला.

निवड झाली की मग सगळ्यात महत्त्वाचं. क्लबचं नाव बघून सही करू नका. तीन गोष्टी विचारा. पूर्णवेळ गोलकीपिंग कोच आहे का? पहिला कीपर किती वर्षांचा आहे आणि त्याचा करार कधी संपतो? लोनवर, म्हणजे काही काळ दुसऱ्या क्लबला उसना खेळायला, सोडणार का? पहिला कीपर पंचविशीचा आणि इंडिया खेळणारा असेल, तर तुम्ही तिथं चार वर्षं फक्त वॉर्म-अपचे बॉल पकडणार. सतरा ते एकवीस या वयात मॅच पाहिजेत, मग ती देशातली खालच्या डिव्हिजनची लीग असो, मुंबईची लीग असो नाहीतर आपलं शाहू स्टेडियम. माझं स्पष्ट मत, मोठ्या क्लबचा तिसरा कीपर होण्यापेक्षा लहान क्लबचा पहिला व्हा. तेवीस-चोविसाव्या वर्षी, शंभरएक मॅच अंगावर आल्यावर, मग मोठ्या क्लबचा दुसरा व्हायला हरकत नाही, तेव्हा चांगल्या कोचखाली बसून पण शिकता येतं. अर्जेंटिनाचा कीपर एमिलियानो मार्टिनेझ इंग्लंडच्या आर्सेनल क्लबचा होता, ऑक्सफर्ड, रॉदरहॅम, वुल्व्ह्ज, गेटाफे, रीडिंग असा वर्षानुवर्षं लोनवर फिरला, 2020 ला अ‍ॅस्टन व्हिलाला गेला तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा, आणि 2022 ला वर्ल्ड कप जिंकला. गुरप्रीत 2014 ला नॉर्वेच्या स्टाबेकला गेला, बराचसा वेळ बेंचवरच होता, पण रोजची ट्रेनिंग वरच्या लेव्हलची मिळाली, 2016 ला युरोपा लीगच्या पात्रता फेरीत खेळला, तिथं खेळणारा पहिला भारतीय, आणि 2017 ला परत येऊन इथं एक नंबर झाला. म्हणजे बसणं वाईट नाही, कुठल्या वयात, कुणाच्या मागं आणि काय शिकत बसताय ते बघा.

मुलींसाठी पण हेच, फक्त जागा अजून कमी आणि पैसे अजून कमी. अदिती चौहान इंग्लंडला शिकायला गेली आणि 2015 ला वेस्ट हॅमच्या महिला टीमकडनं खेळली. शिक्षण आणि कीपिंग एकत्र नेता येतं हे तिच्यावरनं घ्या.

शरीराचं थोडक्यात. बोटं, खांदा, डोकं. बोट मुरगळलं तर शेजारच्या बोटाला टेप लावून खेळता येतं, पण सूज उतरत नसेल तर एक्सरे काढा, वाकडं जुळलेलं बोट आयुष्यभर पकड घालवतं. डोक्याला लागलं, गरगरलं, उलटी झाली तर त्या दिवशी मॅच संपली, कोच काहीही म्हणू दे. चेल्सीचा कीपर पीटर चेकची कवटी 2006 ला एका धडकेत फुटली, त्यानंतर तो शेवटपर्यंत हेडगार्ड घालून खेळला. तोच कुणाला लाजला नाही तर तुम्ही कशाला लाजता.

पैसा. वर गेलात तर चांगला आहे, पण भरवसा ठेवू नका. 2025 च्या उन्हाळ्यात-पावसाळ्यात आयएसएलच्या हक्कांचा करार अडकला, अख्खा सीझन लांबला, काही क्लबांनी पगार थांबवले, आणि हे देशातल्या सगळ्यात वरच्या लीगचं. म्हणून बारावी, ग्रॅज्युएशन सोडू नका. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, रेल्वे, सेना, पोलीस यांच्या टीमना कीपर लागतातच, तेव्हा स्टेट-नॅशनलची प्रत्येक सर्टिफिकेट जपून ठेवा आणि वेळेत पडताळणी करून घ्या, भरतीच्या जाहिरातीनंतर पळापळ नको. पंचविशी-तिशीत खेळतानाच गोलकीपिंग कोचिंगचं लायसन्स करायला घ्या, आपल्या जिल्ह्यात साध्या कोचची कमी नाही, कीपर कोच शोधून सापडत नाही.

करार वाचल्याशिवाय सही नाही. अठराच्या आत असाल तर तीन वर्षांपेक्षा जास्तीचा करार फिफाच्या नियमात बसत नाही, मोठ्यांना पाच. दोन महिन्यांचा पगार थकला तर लेखी नोटीस देऊन क्लबला पंधरा दिवस द्यायचे, तरी नाही आला तर करार तोडता येतो, म्हणून सगळं लेखी आणि ईमेलवर ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपच्या "देतो भावा"वर नको. अडचण आली तर खेळाडूंची संघटना आहे, एफपीएआय, तिचं मेंबर व्हा. आणि एजंट. "ट्रायल फिक्स करतो, पन्नास हजार लागतील, पुण्याला या" असा फोन आला की समजा, तो एजंट नाही. खऱ्या एजंटला फिफाची परीक्षा पास करून लायसन्स घ्यावं लागतं, त्याला पैसे तुमचा करार झाल्यावर मिळतात. नाव फिफाच्या साइटवर तपासा, नसेल तर नंबर ब्लॉक करा.